कर वजा जाता

५ फेब्रुवारी

अहो,

वर दुसरं काय लिहावं ते सुचेना. नाव घेऊन तुम्हाला कधी हाक मारली नाही, आणि 'महोदय' लिहिलं असतं तर पाणीपट्टीची नोटीस आली समजून तुम्ही पाकीट बाजूला ठेवलं असतंत. तेव्हा 'अहो'च राहू दे. घटस्फोटाच्या कागदात हा शब्द परत करायचं कुठे लिहिलेलं नाही.

काल तुमच्या बहिणीचा फोन आला होता. कायद्याने त्या आता माझ्या वन्सं राहिल्या नाहीत, पण तोंडात तेच येतं. वर्षभरात त्यांनी माझी विचारपूस केली नव्हती. काल मात्र इकडचं तिकडचं काहीच नाही, एकदम म्हणाल्या, "वहिनी, तू घरात सुखाने राहा. दादा त्या लोखंडी जिन्यावरून एक दिवस कोसळणार आहे, तेव्हा कळवीन."

मी एका म्हाताऱ्या मास्तरांची कवळी घासत होते. मोटर बंद केली आणि म्हटलं, वन्सं, नीट सांगा. त्यांनी सांगितलं ते असं. तुमचा उजवा गुडघा पार झिजलाय. तुमच्या त्या उघडत्या पुलाच्या केबिनीचा जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. नोकरी सोडून, फंड काढून, तळमजल्यावरचं एखादं लहानसं घर घ्यावं म्हणून तुम्ही चौकशी केलीत. पण फंडातून कर कापून जे हातात येतं त्यात घर बसत नाही, म्हणून तुम्ही अजून रोज तो जिना चढताय.

इथपर्यंत मला वाईट वाटलं. पुढचं ऐकून अंगाचा तिळपापड झाला. वन्सं म्हणाल्या, "त्याला हे आधीपासून ठाऊक होतं. वाटणीच्या आधी आम्ही दोघं फंडाच्या ऑफिसात गेलो होतो. तिथल्या बाई म्हणाल्या, कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका, काढाल तेव्हा तिसरा हिस्सा करात जाणार. दादा 'बरं' म्हणाला आणि उठला."

हे खरं आहे का, एवढं मला तुमच्याकडून हवं आहे.

आपल्या घरचा नियम तुम्हीच घातला होता. एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. पहिल्या भाड्याच्या खोलीत कलिंगडापासून सुरू झालं ते पोरीच्या केकपर्यंत. म्हणून तर आपण वाटणीसाठी वकिलांना भांडू दिलं नाही. मी कापलं. कितीतरी रविवार घालवून दोन कागद केले, एकावर घर आणि त्यातली माझी कवळ्यांची लॅब, दुसऱ्यावर तुमचा फंड. दोन्हीकडचा आकडा जवळजवळ सारखा आणला. तुम्ही आलात, बसलाही नाहीत, फंडाचा कागद उचललात आणि चहा न घेता गेलात.

मी सगळ्यांना सांगितलं, पोर जन्मली ते घर यांना नको झालं, पैसा उचलला. वर्षभर मी त्या रागावर जगले आहे. तो राग खोटा असेल तर मला लवकर कळवा.

१४ फेब्रुवारी

अहो,

उत्तर नाही. तुमच्या तोंडाला कुलूप असतं हे काही मला नवीन नाही. म्हणून मीच उठले आणि वकीलबाईंकडे गेले.

त्यांनी आपले दोन्ही कागद पुढ्यात घेतले, चष्मा वर सरकवला आणि मला विचारलं, "हे तुमचं तुम्ही केलंत?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हणाले होते, एकदा माझ्याकडून तपासून घ्या. तुम्ही म्हणालात, आमच्या घरात असंच चालतं."

मग समजावून सांगितलं. घर आपण हातात आलेल्या पगारातून घेतलं. त्या पगारावर कर आधीच भरून झाला होता, म्हणून घराचा आकडा जेवढा लिहिला तेवढाच खरा. फंडाचं तसं नाही. तो पगारातून कर लागायच्या आधीच कापला गेला. इतकी वर्षं सरकारने त्याला हात लावला नाही, पण सोडलाही नाही. तुम्ही काढाल त्या दिवशी सरकार आपला हिस्सा घेणार. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, हातात सारखे येत नाहीत.

मला माझीच लाज वाटली. आमच्या कामात शिजवल्यावर कवळी थोडी आकसते. तेवढं आधी धरूनच माप घेतात, हे मी पहिल्या महिन्यात शिकले. आणि इथे फंडाने छापून पाठवलेला आकडा तसाच्या तसा उतरवून घेतला. मी वाकडं कापलं, अहो. मुद्दाम नाही, पण वाकडं कापलं.

वकीलबाई मला म्हणाल्या, तुमच्यावर कायद्याने काही येत नाही. त्यांनी निवडलं, त्यांना माहीत होतं, प्रकरण मिटलं. मला वाटलं होतं, हे ऐकून हायसं वाटेल. उलट मी विचारलं, मग आता हे सरळ कसं करायचं?

यातून एक वाट आहे. दोघांनी सही करून दुरुस्तीपत्र करायचं, की वाटणीत कराचा हिशेब राहून गेला होता, म्हणून इतकी रक्कम हिच्याकडून त्याला. हे एप्रिल संपायच्या आत झालं तर ती रक्कम वाटणीचाच भाग धरली जाते, त्यावर तुम्हालाही कर नाही आणि मलाही नाही. मे उजाडला की तेच पैसे बक्षीस ठरतात, मग त्यावर वेगळा कर आणि वेगळी डोकेदुखी.

म्हणजे तुम्हाला गप्प बसायला एप्रिल संपेपर्यंत वेळ आहे. त्यानंतर मात्र तुमच्या गप्प बसण्याचे पैसे पडतील.

घर ठीक आहे. मागच्या बाजूने छप्पर पुन्हा गळतंय, तेवढं सोडून ठीक आहे.

२७ फेब्रुवारी

अहो,

तुमचं कार्ड मिळालं. मोजून तीन वाक्यं. 'झालं ते झालं. घर आणि लॅब तुझीच राहू दे. जपून राहा.'

वाचून मी कार्ड टेबलावर उलटं ठेवलं आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच परत घासली. अहो, 'जपून राहा' काय? मी काय पावसात बाहेर ठेवलेली सायकल आहे?

तुम्हाला वाटत असेल, बाई इतकी का भडकली, माणसाने स्वतःचं नुकसान करून हिला दिलं, तर हात जोडायचे सोडून ही भांडते. वन्संनाही तेच वाटतं. कोणालाही तेच वाटेल. म्हणूनच मी हे कधी कोणाला समजावू शकले नाही आणि आपल्या घटस्फोटाचं कारण विचारलं की 'पटत नव्हतं' म्हणून सोडून देते. माणूस मारत नव्हता, पीत नव्हता, पगार आणून हातात देत होता. मग काय झालं, असं लोक विचारतात.

काय झालं ते तुम्हाला सांगते. माझ्या आईच्या आजारपणाचं हॉस्पिटलचं बिल तुम्ही गुपचूप भरलंत. मला वाटलं भावाने भरलं. किती वर्षं मी त्याचे उपकार मानत राहिले, त्याच्या बायकोची टोमणेबाजी ऐकून घेतली, कारण त्याने माझ्या आईसाठी केलं होतं ना. आणि तो मेला गालात हसून उपकार घेत राहिला. बंदराच्या ऑफिसातली मोठी जागा तुम्हाला देऊ केली होती, ती तुम्ही नाकारलीत, कारण दुसऱ्या गावात माझी गिऱ्हाइकं तुटली असती. हे मला कुठे कळलं? कोणाच्या तरी लग्नात, तुमच्या साहेबाच्या बायकोकडून, हातात जेवणाचं ताट घेऊन. ती म्हणाली, "तुमच्यासाठी केवढं सोडलं त्यांनी." मी मान डोलावली, जसं काही मला माहीतच होतं.

मी त्या गावी आले असते. मला कोणी विचारलंच नाही.

प्रत्येक वेळी तुम्ही लहान तुकडा उचललात आणि मला मोठा खायला लावलात, आणि वर मला कळूही दिलं नाहीत. देणारा कायम तुम्हीच. मी काय दिलं तुम्हाला, आठवून सांगा बरं. काही देऊच दिलं नाहीत तुम्ही. तुमच्या चांगुलपणाखाली मी गुदमरले, हे न्यायाधीशासमोर कोणत्या तोंडाने सांगणार होते मी?

वेगळं होताना एकच समाधान होतं. वाटणी सरळ झाली, आता कोणाचं कोणावर काही नाही. तेही तुम्ही ठेवलं नाहीत.

दुरुस्तीपत्र तयार करायला सांगितलं आहे. सही करायची आहे.

१८ मार्च

अहो,

सोबत दुरुस्तीपत्राच्या दोन प्रती आहेत. मी सही केली आहे. तुमची जागा रिकामी आहे, तिथे वकीलबाईंनी पेन्सिलीने फुली मारून ठेवलीय, म्हणजे 'कुठे करायची ते समजलं नाही' असं म्हणता येणार नाही.

हिशेब साधा आहे. फंडावर जो कर बसेल, त्यातला अर्धा माझा. आकडा वकीलबाईंकडे बसून काढलाय. घरावर कर्ज घेऊन देणार आहे. बँकेतला मुलगा मला सारखा 'आजी' म्हणत होता, तरी मी त्याच्याशी नीट बोलले, यावरून ओळखा मी किती गंभीर आहे.

पोरीला सांगितलं. तिने दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही दोघं संसारात जेवढे भांडला नाहीत तेवढे आता एकमेकांना पैसे देण्यावरून भांडताय. लोक उलटं करतात." मग म्हणाली, "बाबा घ्यायचे नाहीत. त्यांना घेताच येत नाही." तिला मी म्हटलं, बघू.

तिलाही मी वर्षभर सांगत होते की तुझ्या बाबांनी पैसा उचलला. काल ते शब्द परत घेतले. तिने फोन लगेच ठेवला नाही.

काम भरपूर आहे. चौकातल्या दातांच्या डॉक्टरांनी आता मशीन घेतलंय, बटण दाबलं की दात छापून बाहेर. त्यांचं काम येत नाही. त्यांच्या भावाचंही येत नाही. ते सोडलं तर भरपूर आहे. वरच्या खोल्या मी हल्ली उघडत नाही, झाडायला एकटीचा जीव जातो. तुम्ही म्हणाल, हे कशाला लिहिलं. उगाच लिहिलं.

सही करा.

९ एप्रिल

अहो,

काल मी आले तेव्हा तुमचा चेहरा असा झाला होता, जसं काही नदीतून एखादी होडी थेट केबिनीत शिरली. घरी येऊन हसू आलं. तिथे आलं नव्हतं.

तिथे जे बोलायचं होतं ते अर्धं राहिलं, म्हणून लिहिते.

खालच्या पहारेकऱ्याने मला सोडलं, कारण मी सांगितलं की मी त्यांची बायको. नंतर जिना चढताना आठवलं की आता तसं नाही. एवढी वर्षं तुम्ही त्या केबिनीत काम केलंत आणि मी एकदाही वर आले नव्हते. अरुंद, उभा जिना आहे तो. धडधाकट माणसाला धाप लागेल. अर्ध्यावर थांबले आणि मनात तुम्हाला शिव्या दिल्या.

दाराच्या काचेतून आधी तुम्ही मला दिसलात. मी तुम्हाला दिसले नव्हते. तुम्ही स्टुलावरून उठत होतात. एक हात खिडकीच्या कठड्यावर, दुसरा पॅनेलच्या कडेला, आणि तोंड वाकडं करून स्वतःला वर ओढत होतात. कोणी बघत नाही असं वाटलं म्हणून तोंड वाकडं केलंत ना? घरात असताना कधी केलं नाहीत. मी बघितलं हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते.

मी म्हटलं, "मला उपकाराचं घर नको."

तुम्ही म्हणालात, "उपकार नाही. तुझी लॅब तिथे आहे."

"मग तसं तेव्हाच म्हणायचं होतं."

"तू घेतलं नसतंस."

"नसतंच घेतलं. ते ठरवायचा हक्क माझा होता."

तेवढ्यात खालून मालाच्या बार्जचा भोंगा वाजला आणि तुम्ही पाठ फिरवलीत. मी कोपऱ्यात उभी राहिले. तुम्ही घंटा वाजवलीत, फाटकं पाडलीत, दांडा ओढलात आणि तो एवढा मोठा रस्ता मधोमध दुभंगून वर गेला. दोन्हीकडे गाड्या थांबल्या होत्या, लोक उतरून बघत होते. हे काम तुम्ही करता हे मला माहीत होतं, पण बघितलं नव्हतं. मला बरं वाटलं बघून. हे तुम्हाला तिथे सांगायला हवं होतं.

पूल खाली आल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मला मागता येत नाही."

मी "शिका" म्हटलं आणि तिसरी प्रत पॅनेलवर ठेवून निघाले. ते जरा तुसडं झालं. एवढ्या वर्षांत तुम्ही स्वतःबद्दल मला सांगितलेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि मी ते असं उडवून लावलं. जिना उतरेपर्यंत मला पश्चात्ताप झाला होता, पण परत चढायची ताकद नव्हती.

मागता येत नाही म्हणजे काय होतं, हे मला सावकाश सांगा. पत्रात सांगितलंत तरी चालेल. पण सही एप्रिलमध्येच करा, समजून घ्यायला मे महिना आहे.

२३ एप्रिल

अहो,

दुरुस्तीपत्र आलं. आधी सही बघितली, तुमचीच आहे. मग आकडा बघितला आणि खुर्ची ओढून बसले.

मी लिहिलेला आकडा तुम्ही एका रेघेने खोडलात आणि वर दुसरा लिहिलात. मोठा. बराच मोठा. बाजूला चिठ्ठी. 'कराचा दर यंदा वाढला आहे, तू जुना धरला आहेस. तो फरक धरला तरी तळमजल्याच्या घराला कमी पडतात. तेवढे हवेत. हे वाटणीत बसत नाही. मागतो आहे.'

पहिल्यांदा मला राग आला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, बघा, बोट दिलं तर... आणि मग त्या शेवटच्या दोन शब्दांवर नजर थांबली. मी चिठ्ठी परत परत वाचली. मग त्या रिकाम्या लॅबमध्ये बसून मला रडू कोसळलं, आणि खरं सांगते, ते दुःखाचं नव्हतं. एवढ्या संसारात तुम्ही माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मीठसुद्धा स्वतः उठून घ्यायचात.

देते. खोडलेल्या आकड्याशेजारी मी सही केली आहे, वकीलबाईंनी नाक मुरडलं पण दाखल करून घेतलं. मुदतीत बसलंय.

आता माझं ऐका. तुम्ही मागितलंत, मग मलाही सांगायला हवं. नाहीतर मी तरी तुमच्याहून वेगळी काय?

लॅब चालत नाही. आजची गोष्ट नाही, वाटणीच्या आधीपासून चालत नाही. पलीकडच्या मोठ्या लॅबने मला तेव्हाच नोकरी देऊ केली होती. दोन कागद कापताना मी मनात म्हणत होते, यांना घर आवडतं, हे घर उचलतील, मग मी फंड घेऊन दोन खोल्यांत जाईन आणि या छपराच्या कटकटीतून सुटेन. मला ते घर नकोच होतं. तुम्ही फंडाचा कागद उचललात तेव्हा मला जो राग आला, त्यातला अर्धा याचा होता. तुम्हाला हे सांगायचं धाडस झालं नाही. घर नको म्हटलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, हिला आपलं काहीच नको.

म्हणजे बघा. तुम्ही माझी लॅब राहावी म्हणून गुडघा घालवलात, आणि मी तुमचं आवडतं घर तुम्हाला मिळावं म्हणून वाट बघत बसले होते. त्या दिवशी तुम्ही चहाला थांबला असतात तरी यातलं काहीतरी बाहेर पडलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

तुम्ही मागितलेले पैसे नुसत्या कर्जातून निघत नाहीत. घर विकलं तर निघतात, आणि माझ्या दोन खोल्याही त्यात होतात. माझ्या लॅबमधल्या मशीनसाठी एक गिऱ्हाईक येऊन गेलं. मोठ्या लॅबवाले मला अजून कामावर घ्यायला तयार आहेत. राहतं घर विकलं तर त्यावर कर लागतो का, हे यावेळी वकीलबाईंना आधी विचारलं. नावापुरता लागतो, म्हणाल्या.

घर कायद्याने माझं आहे, मी उद्या विकू शकते. पण पोर तिथे जन्मली, मागची भिंत तुम्ही स्वतः बांधलीत, आणि तुम्ही ते माझ्यासाठी सोडलंत. म्हणून कळवत नाही, विचारते आहे. विकू का? तुम्हाला वाईट वाटेल का? वाटणार असेल तर 'चालेल' म्हणू नका, वाईट वाटेल असंच लिहा. मला तुमची परवानगी नको आहे, तुमचं मत हवं आहे.